उभ्या गाडीतला उंदीर

सकाळचे ऊन त्या अंगणात थेट कधी येतच नसे. ते आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीला लागे आणि तिच्या काळ्या पाठीवर, कामावर जाण्याआधी चहाला टेकलेल्या माणसासारखे, थोडा वेळ बसून राही. मग ते दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीत शिरे. चादर ओली असली तर तिच्यातच मुरे, सुकलेली असली तर पलीकडे झिरपे. आणि असे गाळून निघालेले, थोडे फिके पडलेले ते ऊन कुंपणाच्या भिंतीवर उतरे. भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा गेला होता. त्या तड्याच्या काठाकाठाने, कोणाला चाहूल लागू नये अशा बेताने ते खाली येई. कोपऱ्यातल्या कुंडीला, तिच्यातल्या वाळलेल्या काडीला, नळाखालच्या बादलीच्या कडीला एकेक बोट लावी. आणि अखेर पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या एका राखाडी मोटारीच्या पुढच्या काचेवर येऊन थांबे. काचेवर धूळ असे. एरवी जिला घरातली माणसे नावे ठेवत, तीच धूळ त्या घटकेला कणाकणाने उजळे, आणि आतून पाहणाऱ्याला वाटे की रात्रीचे तारे दिवसा राहायला इथेच येत असावेत.

आतून पाहणारा एकच होता. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर होता, डाव्या हातात बिस्किट होते आणि गाडीचे इंजिन चालू होते.

इंजिन चालू होते, ही गोष्ट इथेच ध्यानात ठेवलेली बरी. पुढे या प्रकरणात दोन सरकारी खिडक्या, एक गॅरेज, एक सोसायटी आणि एक पेट्रोल पंप इतके सगळे कामाला लागले; पण नेमकी तीच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

तो एका विमा कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर होता. लोकांचे म्हणणे योग्य असूनही ते मान्य का करता येत नाही, हे त्यांना नम्र भाषेत कळवणे, हे त्याचे काम. कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे जायला गाडी लागत नसे. गाडी बाबांची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेने घेतली आणि महिनाभरातच त्यांचा डावा गुडघा व क्लच यांचे बिनसले. तेव्हापासून दर रविवारी मुलाने गाडी चालवायची आणि बाबांनी शेजारी बसून ती कशी चालवू नये हे सांगायचे, अशी वाटणी झाली होती.

घर तसे ऐसपैस नव्हते. पण माणसे मनाने मोठी असल्यामुळे ती सगळीकडे असत. पुढच्या खोलीत बाबा आणि त्यांचा रेडिओ. स्वयंपाकघरात आई आणि तिचा कुकर. उरलेल्या जागेत आत्या. आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून आली होती. पण डॉक्टर म्हणाले, मोती अजून पिकायचा आहे. तो पिकेपर्यंत ती राहिली होती, आणि दिसत फारसे नसल्यामुळे दिवसभर बोलत होती.

"तू गप्प का रे?"

"काही नाही, आत्या."

"काही नाही म्हणून गप्प, का गप्प म्हणून काही नाही?"

अशा घरात लाजाळू माणसाला गप्प बसण्यासाठी बाहेर जावे लागते. एकदा मेकॅनिक म्हणाला होता, "गाडी रोज पाच मिनिटं चालू ठेवत जा साहेब, नाहीतर बॅटरी बसेल." हे वाक्य त्याने एखाद्या वरच्या न्यायालयाच्या निकालासारखे जपून ठेवले. रोज सकाळी "गाडी गरम करून येतो" असे सांगून तो खाली उतरू लागला. उतरताना फडताळातल्या डब्यातून दोन बिस्किटे खिशात टाकू लागला. ती पाच मिनिटे पुढे अंगाने भरत गेली. त्यांच्याबरोबर बिस्किटेही भरत गेली; कधीकधी उरलेला पुडाच कागदासकट खिशात जाई. पण मनाशी तो त्यांना 'पाच मिनिटे' आणि 'दोन बिस्किटे' असेच म्हणत राहिला. दूध पिताना मांजर डोळे मिटते, त्याच श्रद्धेने.

इंजिन मात्र तो कधी बंद करत नसे. त्यामागे विचार होता. बंद गाडीत एकटा बसलेला माणूस म्हणजे एक प्रकरण असते. त्याची चौकशी होते, काच वाजवून "बरं वाटत नाही का?" असे विचारले जाते, आणि संध्याकाळपर्यंत ते आईच्या कानावर जाते. चालू गाडीत बसलेला माणूस म्हणजे नुसता निघालेला माणूस. त्याला कोणी काही विचारत नाही. फार तर तळमजल्यावरचे गृहस्थ फिरून येताना काचेपाशी वाकत. हे गृहस्थ कुठल्याशा खात्यातून निवृत्त होऊन आता सल्ले देत, म्हणून इमारतीत त्यांना सल्लागार म्हणत.

"काय, निघालात?"

"हो, निघालोच."

एवढ्यावर भागे. सल्लागार समाधानाने आत जात आणि तो पुन्हा काचेवरल्या ताऱ्यांकडे वळे. आणि पेट्रोल? गाडी एक वीतभरही हलत नव्हती. मग पेट्रोल जाईल कुठे? त्याने पदवी साहित्याची घेतली होती, आणि साहित्यात गाड्या पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. त्या जागेवर उभ्या राहून काय पितात याचा अभ्यासक्रमात समावेश नव्हता.

पहिली ठिणगी स्वयंपाकघरात पडली.

"डब्यातली बिस्किटं जातात कुठे?" आईने डबा कानाशी हलवत विचारले. "परवाच पुडा फोडला. तुम्ही खाल्लीत?"

"मला साखर वर्ज्य आहे," बाबा रेडिओआडून म्हणाले.

"वन्सं?"

"मला डबा दिसला तर ना खाईन!"

सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले. या क्षणी खरे सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि एवढ्याशा गोष्टी संपवण्यासाठीच खरे बोलण्याचा शोध लागला आहे. पण खरे सांगायचे म्हणजे 'कुठे बसून खाल्लीस' हा पुढचा प्रश्न आला, आणि 'एकट्याने का' हा त्याच्याही पुढचा.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"डब्याचं झाकण उघडून?"

"हल्लीचे उंदीर..." एवढे बोलून त्याने वाक्य सोडून दिले. पण घराने ते झेलले. संध्याकाळपर्यंत आईला फडताळामागे खुडबुड ऐकू आली, आत्याच्या पायावरून काहीतरी गेले, आणि बाबांनी माळ्यावरून पिंजरा काढला. तो पिंजऱ्याला पावाचा तुकडा लावायला पुढे सरसावला. इतक्या तत्परतेने, की आत्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "खाई त्याला खवखवे." कोणी लक्ष दिले नाही. आत्या भिंतीकडे पाहून पुष्कळ बोलत असे.

दुसरी ठिणगी रविवारी पडली. बाबा गाडीत बसले आणि पट्टा बांधण्याआधी त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिले. बाबांनी सारी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून घालवली होती. तराजूखाली चिकटवलेले मेण, तळ चेपलेले माप, दुकानदाराचा पारड्याला नकळत लागणारा अंगठा, हे सगळे त्यांना दारातून कळे. त्यांच्यादेखत 'साधारण' हा शब्द उच्चारण्याची घरात कोणाची छाती नव्हती.

"गेल्या रविवारी काटा अर्ध्यावर होता."

"असेल."

"असेल नाही, होता. घरापासून बाजार, बाजारापासून घर. एवढ्यात काटा झोपतो?"

"गाडी जुनी झाली, बाबा."

"जुना मीही झालोय. मी पितो का एवढं?" बाबांनी काट्यावरच्या काचेला टिचकी मारली. मग सावकाश म्हणाले, "हे असंच चाललं तर गाडी ठेवण्यात अर्थ नाही. विकून टाकू."

त्याचा पाय क्लचवरून घसरला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. बाबांना ते गाडीचेच उत्तर वाटले. पण त्या दोन खोल्यांच्या घरात त्याच्या मालकीची एकच खोली होती, आणि तिला चार चाके होती.

तेव्हा गाडी वाचवायची तर गुन्हेगार सापडायला हवा होता, आणि तो मोहिमेत हिरिरीने उतरला. आपल्याच घरी चोरी करून पोलिसांना वाट दाखवणारे लोक असतात. ते सगळेच निर्ढावलेले नसतात. काही नुसते भिडस्त असतात.

बाबांचा पहिला संशय पेट्रोल पंपावर गेला. त्यांनी पंपावर जाऊन मोजमापाचे अधिकृत भांडे मागवले, चष्मा कपाळावर चढवून त्याच्यावरचे सील तपासले आणि त्यात पेट्रोल भरायला लावले. मागे गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. एक रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "काका, भरताय का पूजताय?" गाडीत मुलगा स्टिअरिंगमागे जमेल तितका लहान होऊन बसला. भांडे भरले. बाबांनी वाकून पातळी पाहिली, मग दुसऱ्या बाजूने पाहिली. माप केसाइतकेही कमी नव्हते. परत येताना बाबांनी चष्मा कपाळावरून उतरवून पुसला. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आयुष्यभर प्रामाणिक माप शोधत होतो. सापडलं, तेही नको त्या दिवशी."

मग मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडले, आत डोके घातले आणि आतूनच विचारले, "घरात उंदीर आहे का?"

पितापुत्रांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्या अंगावर काटा आला. कारणे वेगळी होती.

"आहे," बाबा म्हणाले.

"मग झालं. पेट्रोलचा पाइप कुरतडलाय." त्याने एक काळी नळी वर धरली. तिच्यावर एक ओरखडा होता, जो उंदराचा असू शकत होता, पान्ह्याचा असू शकत होता, किंवा काळाचाही. "बिस्किटं खायची आणि वर पेट्रोल प्यायचं. चटक लागते त्यांना."

अशा रीतीने दोन स्वतंत्र तपास एकाच आरोपीवर येऊन मिळाले. बाबांना तरतरी आली. साप म्हणून भुई धोपटायची ठरल्यावर निदान भुई तरी एकच राहिली. पाइप बदलला. सोसायटीत बातमी पसरली. संध्याकाळी अंगणात गाडीभोवती आजाऱ्याला भेटायला यावीत तशी माणसे जमली.

"डांबराच्या गोळ्या," सल्लागार म्हणाले. "डिकीत टाका, सीटखाली टाका. उंदीर पुन्हा या बाजूला फिरकणार नाही."

"सीटखाली टाकून काय होणार?" वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले. सेक्रेटरी घरीही परिपत्रकासारखे बोलत. "याबाबत असं सुचवण्यात येतं की, दोन गोळ्या पेट्रोलच्या टाकीत सोडाव्या. गाडी कमी पिते. माझ्या साडूंचा अनुभव आहे."

"साडूंची गाडी कुठे असते हल्ली?"

"साडू हल्ली बसनं जातात. पण तो वेगळा विषय आहे."

बाबांनी दोन्ही सल्ले ऐकले. मुलाने एकही ऐकला नाही, कारण त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेच्या उंदीर निर्मूलन विभागात जायचे होते. त्यासाठी त्याने रजा काढली होती. रजेच्या अर्जात कारण 'कौटुंबिक' असे लिहिले होते.

खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "उंदीर कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. आणि गाडीत."

"एक काहीतरी सांगा. राहतो कुठे आणि नुसता जातो-येतो कुठे?"

"ते नक्की सांगता येणार नाही."

"कसं चालेल? घरातला उंदीर आमचा. वाहनातला परिवहनचा."

"पण उंदीर एकच आहे."

"मग त्याचा कायमचा पत्ता लागेल." कारकुनाने वर पाहिले. "तुम्ही स्वतः पाहिलाय का?"

तो नाइलाजाने खरे दडवू शकत असे. उघड खोटे बोलणे त्याला जमत नसे. "पाहिला नाही," तो म्हणाला, "पण घरात सर्वांना मान्य आहे."

परिवहनच्या खिडकीत वेगळीच अडचण निघाली. गाडी चालू स्थितीत असेल तर आतला उंदीर प्रवासी धरला जातो आणि प्रवाशांविषयीची तक्रार दुसऱ्या इमारतीत घेतात. गाडी मोडीत असेल तर उंदरासकट भंगारात जाते, मग तक्रार कसली? "तुमची गाडी चालते ना?" त्या बाईंनी सहानुभूतीने विचारले. आपली गाडी चालते की नुसती चालू असते, या प्रश्नाने तो क्षणभर अंतर्मुख झाला. तोवर खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी आली.

तो घरी परतला तेव्हा बाबा गाडीच्या टाकीचे झाकण घट्ट करत होते. त्यांच्या बोटांना कपाटातल्या जुन्या शालीचा वास येत होता.

त्याच आठवड्यात आत्याला डॉक्टरांना दाखवायचे होते. बाबा पुढे, आई आणि आत्या मागे. मोठ्या चौकापर्यंत गाडी ठीक आली. दिवा हिरवा झाला, त्याने क्लच सोडला आणि गाडी खोकली. एकदा, दोनदा, आणि मग म्हाताऱ्याने कूस बदलावी तशी हलून निपचित पडली. मागून भोंग्यांचा पूर आला. वाहतूक पोलीस डुलत डुलत आला, काचेतून नाक आत घालून थबकला.

"हा वास कसला? कपाट हलवताय का?"

"उंदरासाठी आहे," बाबा म्हणाले.

"कुठाय उंदीर?"

"सध्या कोणी पाहिलेला नाही."

पोलिसाने चौघांकडे आळीपाळीने पाहिले आणि नोकरीत प्रथमच पुढे काही न विचारता शिट्टी तोंडात धरली. बाबा ढोपर सांभाळत स्टिअरिंगवर सरकले. आई आणि तो गाडी ढकलू लागले. आत्या आतच बसून राहिली. "मला उतरायला कोणी सांगितलं नाही," तिने नंतर खुलासा केला. पदपथावरून माणसे थांबून सूचना देत होती. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. एकाने तर दोन्ही सांगितले. एक ओळखीचा विमेदार नेमका तिथेच उभा होता. त्याचा दावा गेल्याच आठवड्यात याने खेदपूर्वक नाकारला होता. विमेदाराने हात जोडले, "काय साहेब, निघालात?" ते त्याच्या फार जिव्हारी लागले. ढकलता ढकलता डिकीच्या चकाकत्या पत्र्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, घामेजलेला आणि गोल ताणलेला. मनात आले, या गाडीने माझ्याबरोबर इतका प्रवास याआधी कधी केला नव्हता.

गॅरेजात मेकॅनिकने टाकी रिकामी केली आणि बोट हुंगून म्हणाला, "याच्यात लोकरीचे कपडे ठेवा. गाडी यावर चालायची नाही."

गाडी आठवडाभर गॅरेजात होती. तो आठवडा त्याने कसाबसा काढला. सकाळी खाली उतरण्याचे निमित्त उरले नाही. ऊन टाकीवरून चादरीत आणि चादरीतून भिंतीवर वेळेवर येत होते. पण छपराखाली त्याला टेकायला काच नव्हती, आणि ते फरशीवर उगाच पसरून राही. खिडकीतून ते बघताना पाठीमागून आत्याचा आवाज येई, "तू गप्प का रे?"

"एक गंमत लक्षात आली का?" शनिवारी आई म्हणाली. "या आठवड्यात बिस्किटं जशीच्या तशी आहेत."

"गाडी घरी नव्हती तर उंदीरही घरी नव्हता," बाबा विचारात पडले.

"गाडीनंच जात-येत असेल," आत्या म्हणाली आणि वेणी घालू लागली.

गाडी परत आली. टाकी भरली. बाबांनी काटा जातीने पाहून घेतला. सोमवारी सकाळी तो खाली उतरला. 'पाच मिनिटे' बसला. मंगळवारी बसला. आठवड्याचा उपास सुटल्यासारखा तो बुधवारी, गुरुवारीही बसला. मनात कुठेतरी काहीतरी टोचत होते. पण त्याने काच पुसली नाही आणि विचारही पुसला नाही. उघडपणे सांगायचे तर, त्याने काट्याकडे पाहणेच सोडले होते. आणि याच दिवसांत, रोज सांडणाऱ्या चुऱ्याचा सुगावा लागून, कोणाच्याही तोंडच्या शब्दाला किंमत असते हे सिद्ध करण्यासाठी जणू, एक खराखुरा उंदीर गाडीत राहायला आला. सीटखालच्या डांबराच्या गोळ्या त्याने बाजूला सारल्या आणि समोरच्या खणात बिऱ्हाड थाटले.

रविवारी बाबांनी काटा पाहिला. ते रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होते.

"विकायची," ते म्हणाले. "मी सेक्रेटरींशी बोललोय. ते आत्ता येताहेत."

सेक्रेटरी आले. उपकार करायला आलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी घरूनच लावून आणला होता. पाठोपाठ सल्लागार आले, कारण दोन माणसे एखादा व्यवहार करत असताना तिसऱ्याची गरज लागते असे त्यांचे मत होते. आई चहाचा ट्रे घेऊन उतरली. आत्याला खुर्ची आणली गेली. सकाळचे ऊन भिंतीच्या तड्याशी पोहोचले होते.

"सुरू करून दाखवण्यात यावी," सेक्रेटरी म्हणाले.

त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच दमात, जणू काही झालेच नाही अशा निरागस आवाजात सुरू झाली. त्याला तिचा राग आला. मग बोलणी लागली. सेक्रेटरींनी टायरला लाथ मारून पाहिली, सल्लागारांनी त्यांना लाथ कशी मारावी ते सांगितले. चहा झाला. बाबा इमानदार माणूस, त्यांनी स्वतःहून सांगितले, "एक आहे. ही पेट्रोल फार पिते. का, ते आम्हांला कळलं नाही." यावर सेक्रेटरींनी साडूंचा अनुभव सविस्तर सांगितला. आणखी चहा झाला. इंजिन चालूच होते. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि मनातल्या मनात काचेचा, धुळीचा, उजव्या कोपऱ्यातल्या ओरखड्याचा निरोप घेत होता.

"कागदपत्रं बघू," सेक्रेटरी म्हणाले. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी समोरचा खण उघडला.

आधी एक टोकदार नाक बाहेर आले. मग उंदराने सेक्रेटरींकडे पाहिले, सेक्रेटरींनी उंदराकडे पाहिले, आणि दोघांपैकी सेक्रेटरी आधी बाहेर पडले. उंदीर त्यांच्या मांडीवरून, दारातून, सल्लागारांच्या दोन पायांमधून भिंतीच्या तड्यात गेला. जाताना त्याचे अंथरूण खणातून खाली सांडले. कागदाचे बारीक बारीक लाल-पिवळे तुकडे होते ते.

"पाहिलंत!" बाबा विजयाने ओरडले. "होता की नाही!"

आई खाली वाकली. तिने एक तुकडा उचलला, बोटांनी सपाट केला. "हा माझ्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद आहे," ती म्हणाली. "उंदीर बिस्किट नेईल. पुडा कसा नेईल? दोन जिने उतरून?"

सगळे त्या तुकड्याकडे पाहत राहिले. त्या शांततेत इंजिनाची घरघर एकदम मोठी वाटू लागली. बाबांनी सवयीने काट्याकडे पाहिले. मग पुन्हा पाहिले. सेक्रेटरी आले तेव्हा काटा जिथे होता, तिथे आता तो नव्हता. फरक केसाएवढा होता. पण केसाएवढा फरक पकडण्यासाठीच बाबांना सरकारने पगार दिला होता.

"तू सकाळी गाडी किती वेळ चालू ठेवतोस?"

"पाच मिनिटं."

"पाच?" खुर्चीतून आत्या म्हणाली. "तुझी गाडी सुरू होते तेव्हा मी वेणी सोडते. मग तेल लावते, विंचरते, घालते, तोंड धुते, चहा घेते. चहाचा कप खाली ठेवते तेव्हा बंद होते."

"ताई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं का? मला सगळे 'दिसतंय का' एवढंच विचारतात."

सेक्रेटरींनी या विषयावर पुढील सभेत विचार करण्यात येईल असे पुटपुटून जिना गाठला. आईने कप गोळा केले. जाताना ती त्याच्या बाजूच्या काचेपाशी क्षणभर थांबली. "भूक लागते तर सांगायचं होतंस रे," एवढेच म्हणाली. बिचारीला तो भुकेचा प्रश्न वाटला. त्याने खिशातली दोन बिस्किटे काढून तिच्या ट्रेमध्ये ठेवली.

बाबा गाडीला वळसा घालून आले, गुडघा धरून शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतले. ऊन तड्यावरून उतरून काचेवर आले होते.

"उभ्या गाडीलाही पेट्रोल लागतं," ते म्हणाले.

"मला वाटलं, हलली नाही तर..."

"लागतं." बाबांनी पुढे वाकून किल्ली उलटी फिरवली. घरघर थांबली. गाडीत इतकी शांतता असू शकते हे त्याला ठाऊक नव्हते. तो इतके दिवस शांततेसाठी एका आवाजात येऊन बसत होता. बाबांनी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "विकत नाही. बस हवं तेवढं. फक्त बंद करून बस."

ते उतरले आणि पायरी चढताना कठड्याला धरून एकदा मागे बघून गेले.

तो बंद गाडीत एकटा उरला. धुळीचे कण उजळू लागले. अंगणातून जाताजाता सल्लागार थबकले, बंद इंजिनाचा कानोसा घेतला, काचेशी वाकले. हाच तो प्रश्न, हीच ती काच; फक्त आज मागे लपायला घरघर नव्हती.

"काय, निघालात?"

त्याचे ओठ सवयीने 'हो' साठी उघडले होते.

"नाही," तो म्हणाला. "मला कुठंच जायचं नाहीये."